मामांचा मुका कॉम्प्युटर



दिवाळीच्या आधी तुमच्या घरी माळा साफ करतात ना? आमच्याकडंही करतात. माळ्यावरून काय काय खाली येतं! दांडा मोडलेली छत्री, पितळी हंडा, आजोबांची ट्रंक, एकच उरलेला क्रिकेटचा ग्लोव्ह. यंदा माझ्या मामांच्या माळ्यावरून एक खोकं खाली आलं, आणि त्या खोक्यानं आमच्या शाळेला पंधरा दिवस कामाला लावलं. आज त्याचीच गोष्ट सांगते.

माझे मामा विज्ञानाचे शिक्षक होते. तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथल्या एका हायस्कूलमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. आता ते निवृत्त आहेत. मामींनी खोकं खाली ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, "एक तर हे चालवून दाखवा, नाहीतर भंगारात द्या. पंचवीस वर्षं माळा अडवून बसलंय."

मामांनी मला बिडकीनला फोन केला. "पोरी, तुझ्या शाळेत मोठा टीव्ही आलाय म्हणे. त्याला माझा कॉम्प्युटर लागेल का गं?"

"लागेल की मामा, त्यात काय!" मी पटकन म्हणाले.

मुलांनो, विचार न करता दिलेलं उत्तर परीक्षेतही चुकतं आणि घरीही चुकतं. माझं तसंच झालं.

खोक्यात काय होतं?

आधी या कॉम्प्युटरचं घराणं सांगते. त्याचं नाव बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावात एकॉर्न नावाची कंपनी होती, तिनं तो १९८१ साली बाजारात आणला. बीबीसी ही तिकडची रेडिओ-टीव्हीची संस्था. लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा कार्यक्रम तिनं टीव्हीवर आखला होता, त्याच्या जोडीला हे यंत्र होतं, म्हणून ते नाव.

आपल्या सरकारनं १९८४-८५ साली शाळांमध्ये कॉम्प्युटरची ओळख करून देण्यासाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली. सुरुवात सुमारे २५० शाळांपासून झाली. पुढं ती वाढत गेली आणि देशभरातल्या माध्यमिक शाळांना असे १२ हजारांच्या आसपास कॉम्प्युटर वाटले गेले. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्येही ते तयार होत. आज पन्नाशीला आलेल्या कितीतरी काका-काकूंनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर पाहिला तो हाच. तुमच्या घरी कुणी त्या वेळी हायस्कुलात असेल तर विचारून पाहा. "चपला बाहेर काढून आत जायचो," असं ते हमखास सांगतील!

मामांच्या शाळेतले कॉम्प्युटर पुढं जुने झाले, निर्लेखित झाले. निर्लेखित म्हणजे नोंदवहीतून नाव कमी झालेले. त्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा मामांनी स्वतःच्या पैशानं एक घेतला. का घेतला, ते पुढं कळेल.

मामा एस.टी.नं बिडकीनला आले तेव्हा आमची मुलं फाटकातच उभी होती. खोकं उघडलं. आत दुधावरच्या सायीच्या रंगाचा एक जाडजूड कीबोर्ड होता. वरच्या रांगेत लाल रंगाच्या दहा कळा.

"कीबोर्ड चांगलाय," पाचवीतली एक मुलगी म्हणाली. "पण कॉम्प्युटर कुठंय?"

"हाच कॉम्प्युटर," मामा हसून म्हणाले. "सगळं या कीबोर्डाच्या पोटात आहे."

"आणि बाई, ह्याला माउस कामून नाही?"

तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरना माउस नसायचा आणि स्वतःचा पडदाही असलाच पाहिजे असं नव्हतं. पडदा महाग. म्हणून घरातला टीव्ही हाच त्यांचा पडदा. इंग्लंडमधला १९८२ सालचा स्पेक्ट्रम नावाचा छोटा कॉम्प्युटर तर टीव्हीला अँटेनाच्या भोकातूनच जोडायचा. टीव्हीला वाटायचं, हे आणखी एक केंद्रच आहे! तो कॉम्प्युटर आपल्याकडंही 'डीबी स्पेक्ट्रम' या नावानं विकला जाई.

मामांच्या कॉम्प्युटरची स्मृती किती? ३२ केबी. आईच्या फोनमधला एक फोटो सहज ३ एमबीचा असतो. म्हणजे तो एक फोटो ठेवायला असे जवळपास शंभर कॉम्प्युटर लागतील. मुलं हसली. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "बाळांनो, घर लहान होतं, पण आम्ही त्यात खूप माणसं राहिलो."

आधी धूर, मग धडा

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेत आणण्याआधी मामांनी घरी तो एकदा चालू करून पाहिला होता. "बूऽऽप-बिप" असा आवाज आला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी म्हणाल्या, "बघा, बोलतोय की!" आणि पाचव्या मिनिटाला आतून फट्‌ आवाज होऊन खोलीभर घाणेरड्या वासाचा धूर झाला. मामांनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

झालं होतं असं. जुन्या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या भागात विजेतली खरखर गाळणारा एक छोटा कपॅसिटर असतो. चाळीस वर्षांत त्याच्या कवचाला बारीक तडे जातात, हवेतला ओलावा आत शिरतो, आणि वीज लागली की तो फुटतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिरानं तो बदलून दिला. भाग अगदी स्वस्तातला, पण काम जाणत्याचं.

म्हणून मुलांनो, नीट ध्यानात ठेवा. माळ्यावरचं विजेचं कोणतंही जुनं यंत्र एकट्यानं चालू करायचं नाही. आधी जाणत्या माणसाला दाखवायचं. आणि जुना, पाठीला पोट असलेला टीव्ही तर कधीच उघडायचा नाही. बंद केल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहिलेली असू शकते.

भोकं तीन, बसेना एकही

आमच्या वर्गात लोकवर्गणीतून आलेलं मोठं पॅनल आहे. हुबेहूब टीव्हीसारखं दिसतं, पण त्याला अँटेनाचं भोक नाही. ना पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींची ती जुनी भोकं. एचडीएमआय आहे, यूएसबी आहे आणि पंधरा टाचण्यांचं व्हीजीए आहे.

मामांच्या कॉम्प्युटरच्या पाठीवर चित्र बाहेर पाठवणारी तीन भोकं. एक अँटेनावाल्या टीव्हीसाठी. दुसरं गोल, सहा छिद्रांचं, रंगीत मॉनिटरसाठी. तिसरंही गोल, पण त्याच्या काठाला दोन बारीक कान. तिन्हीपैकी एकही आमच्या पॅनलला बसेना. कॉम्प्युटर चालू केला की "बूऽऽप-बिप" म्हणायचा आणि गप्प. पॅनलवर 'सिग्नल नाही' असं लिहून यायचं.

"तो बोलतोय," मामा म्हणाले. "पण ऐकणारं कुणी नाही. बोलणाऱ्याचं ऐकणारं कुणी नसलं की लोक त्याला मुका म्हणतात."

सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, वायर कापून व्हीजीएला जोडू. भोकाचाच तर प्रश्न आहे ना?"

प्रश्न भोकाचा नव्हता. मामांनी खडू घेतला आणि फळ्यावर समजावलं. ते जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगते.

जुन्या टीव्हीच्या काचेमागून एक किरण यायचा. तो काचेच्या आतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडं एक ओळ काढायचा, मग खालची, मग त्याच्या खालची. आपल्या देशात आणि इंग्लंडमध्ये एका चित्राच्या ६२५ ओळी ठरलेल्या होत्या आणि एका सेकंदात २५ चित्रं. आता गुणाकार करा बरं! ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. सेकंदाला इतक्या ओळी! त्या ओळी इतक्या भराभर निघत की आपल्या डोळ्यांना सलग चित्र दिसे.

आता श्रुतलेखन आठवा. बाई वाचत जातात, तुम्ही लिहीत जाता. बाई थांबत नाहीत. ओळ संपली की "पूर्णविराम" म्हणतात आणि पुढं जातात. जुना कॉम्प्युटर टीव्हीला असंच श्रुतलेखन घालायचा. वायरीतला दाब वाढला की उजेड जास्त, कमी झाला की अंधार. प्रत्येक ओळ संपली की एक छोटी खूण, "ओळ संपली!" आणि टीव्ही ऐकता ऐकता लिहायचा. लक्षात काही ठेवायचा नाही.

नवं पॅनल तसं नाही. ते म्हणजे तुमची गणिताची चौकटीची वही. आडव्या १,९२० चौकटी, उभ्या १,०८०. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० चौकटी होतात. कोणत्या चौकटीत कोणता रंग, हे त्याला आकड्यांत सांगावं लागतं. शिवाय एचडीएमआयची वायर जोडली की आधी ओळखपाळख होते. पॅनल सांगतं, "माझं नाव अमुक, मला एवढ्या चौकटींचं चित्र चालेल." मग समोरचं यंत्र त्या मापाचं चित्र पाठवतं. मामांचा कॉम्प्युटर यातलं काहीच विचारत नाही. तो आपला चालू झाल्या क्षणापासून श्रुतलेखन घालत सुटतो.

आणि व्हीजीए? ते १९८७ साली आलं. तेही श्रुतलेखनच, पण सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळींचं, म्हणजे दुप्पट वेगाचं. बहुतेक नव्या मॉनिटरना त्याहून सावकाश वाचलेलं कळतच नाही. वायर कापून जोडली असती तरी पडदा काळाच राहिला असता.

"म्हणजे बसणं वेगळं आणि समजणं वेगळं," पाचवीतली ती मुलगी म्हणाली. मी तिचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. अजून पुसलेलं नाही.

"आपल्याला दुभाष्या पाहिजे," मामा म्हणाले. "सावकाश बोललेलं ऐकणारा, चौकटीत लिहून घेणारा, आणि मग पॅनलला त्याच्या भाषेत सांगणारा."

दुभाष्या सापडला!

असे दुभाषे विकत मिळतात. छोट्या डबीएवढे असतात, एका बाजूला जुनी पिवळी वायर लावायची, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. मामा म्हणाले, "मी शहरातून आणतो." मुलांचे चेहरे उतरले. आणखी चार दिवस थांबायचं?

एवढ्यात चौथीतला एक मुलगा, जो वर्गात फारसा बोलत नाही, तो कॉम्प्युटरच्या मागं जाऊन वाकून पाहत होता. त्या कान असलेल्या गोल भोकावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हे भोक तर आमच्या दादाच्या कॅमेऱ्याचंय!"

त्याचा थोरला भाऊ दुकानांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचं काम करतो. बिडकीनच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, त्यामुळं त्याला काम भरपूर. संध्याकाळी तो आला. भोक पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे बीएनसी. रोज माझ्या हातात असतंय." खिशातून कॅमेऱ्याची वायर काढली, भोकात घातली आणि पाव फेरा फिरवली. खट्‌! पहिल्यांदाच काहीतरी बसलं.

"आता हे कुठं लावायचं?" मी विचारलं.

"तुमच्या ऑफिसात डीव्हीआर आहे की!"

आमच्या शाळेत सुरक्षेसाठी कॅमेरे आहेत. चारही कॅमेऱ्यांच्या वायरी ऑफिसातल्या डीव्हीआर नावाच्या पेटीत येतात. ती पेटी काय करते? कॅमेऱ्याचं श्रुतलेखन ऐकते, आपल्या वहीत आकड्यांत उतरवून घेते आणि एचडीएमआयच्या वायरीतून पडद्याला सांगते. अहो, दुभाष्याच तो! आणि नशीब असं की आमची पेटी जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांचं चित्रही घेणारी निघाली. सगळ्या पेट्या घेत नाहीत, बरं का.

मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेतली. त्यांनी एकच अट घातली, "फाटकाचा कॅमेरा काढायचा नाही." मग मागच्या व्हरांड्याची वायर अर्ध्या तासासाठी काढली, तिथं मामांच्या कॉम्प्युटरची लावली आणि पेटी वर्गातल्या पॅनलला जोडली.

पॅनलवर चार चौकोन आले. पहिल्यात फाटक. दुसऱ्यात मैदान, त्यात ऊन खात झोपलेलं एक कुत्रं. तिसऱ्यात पाण्याची टाकी. आणि चौथा काळा.

मामांनी बटण दाबलं. बूऽऽप-बिप!

चौथ्या चौकोनात पांढरी अक्षरं उमटली. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'. खाली 'बेसिक'. त्याच्या खाली एक छोटा बाण आणि लुकलुकणारी रेघ, "सांगा, काय करू?" असं विचारणारी.

मुलांनी जो गलका केला त्यानं मैदानावरचं कुत्रं उठून बसलं, हेही आम्हाला पहिल्या-दुसऱ्या चौकोनातून दिसलं!

चित्र काळं-पांढरं होतं. त्या गोल भोकातून रंग येत नाहीत, फक्त उजेड-अंधार येतो. शिवाय कळ दाबली की अक्षर किंचित उशिरानं यायचं. दुभाष्याला ऐकायला आणि लिहायला थोडा वेळ लागणारच ना! पण मुलांनी आपापली नावं टाइप केली आणि वर्गाला आनंद झाला.

कॅसेटमध्ये काय होतं?

मला वाटलं, झालं. आता घरी जायचं. पण मामांनी पिशवीतून एक टेपरेकॉर्डर आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली.

"ह्याच्यासाठी तर आलोय," ते म्हणाले.

त्या काळी कार्यक्रम, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना, गाण्याच्या कॅसेटवर साठवायचे. कॉम्प्युटर आकड्यांचे आवाज करायचा. जाड आवाज म्हणजे शून्य, बारीक म्हणजे एक. सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे अक्षरं. कानाला ऐकू आलं तर सुतारपक्ष्यानं आणि रातकिड्यानं भांडण काढलंय असं वाटेल!

१९८८ साली मामांच्या शाळेतली सहा मुलं शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायची. त्यांनी आणि मामांनी मिळून एक कार्यक्रम लिहिला होता. तो फक्त या कॅसेटवर होता. दुसरी प्रत नव्हती. कॅसेटची पट्टी दरवर्षी थोडी थोडी खराब होते. आणखी काही वर्षं गेली असती तर तिच्यात नुसती खरखर उरली असती. म्हणून मामांनी तो कॉम्प्युटर लिलावात घेतला होता, म्हणूनच इतकी वर्षं मामींची बोलणी खाल्ली होती.

पहिल्यांदा लावली. पडद्यावर 'सर्चिंग' आलं, म्हणजे शोधतोय. मग 'लोडिंग'. वर्ग चिडीचूप. आणि मग 'डेटा?' आणि खाली 'रिवाइंड टेप'. म्हणजे मजकूर नीट ऐकू आला नाही, पट्टी मागं घ्या. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मामांचा चेहरा पाहवेना. ते हळूच म्हणाले, "उशीर झाला बहुतेक."

कॅमेरेवाल्या दादानं टेपरेकॉर्डर हातात घेतला. त्याचं डोकं, म्हणजे पट्टीला टेकणारा तो चकचकीत तुकडा, तपकिरी झाला होता. त्यानं कापसाला स्पिरिट लावून ते पुसलं. आवाज थोडा वाढवला. तिसऱ्यांदा निम्म्यावर अडलं. आवाज थोडा कमी केला. चौथ्यांदा ब्लॉकचे आकडे एकामागून एक वाढत गेले. कुणी श्वासही घेत नव्हतं. आणि पडदा पुसला गेला.

पडद्यावर मोठा आकडा आला. ७. आपला, मराठी सात!

"मराठी?" मुलं ओरडली. "त्यात मराठी होतं?"

"नव्हतं," मामा म्हणाले. "पोरांनी केलं." आठ चौकटी आडव्या, आठ उभ्या. चौकटीच्या वहीत एकेक आकडा काढायचा, भरलेल्या चौकटींची बेरीज करायची, ती कॉम्प्युटरला सांगायची. शून्यापासून नऊपर्यंत दहाही आकडे त्या सहा मुलांनी असे घडवले होते.

खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'दिडकी?'

आमची मुलं एकमेकांकडं पाहू लागली. तुम्हाला तरी ठाऊक आहे का? पूर्वी शाळेत नुसते पाढे नसायचे. पावकी म्हणजे पावपट, निमकी म्हणजे निम्मेपट, सवायकी सव्वापट, दिडकी दीडपट आणि औटकी साडेतीनपट. तोंडपाठ! मामांच्या कार्यक्रमात हेच विचारलं होतं. सातची दिडकी किती?

"साडेदहा!" मागून आवाज आला. तोच, न बोलणारा चौथीतला मुलगा. मी विचारलं, "तुला कसं आलं रे?" तो म्हणाला, "सुट्टीत आजोबांसंगं आठवडी बाजारात बसतो. गिऱ्हाईक रोजच दीड किलो मागतंय."

टाइप केलं. किंचित उशिरानं पडद्यावर आलं, 'शाब्बास'.

कार्यक्रमाच्या शेवटी त्या सहा मुलांची नावं होती. मामांनी ती हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचली. पाचव्या नावाला थांबले. चष्मा पुसला. "हा मुलगा आता नाही," एवढंच म्हणाले. मग सहावं नाव वाचलं. आमच्या वर्गात तेव्हा जी शांतता होती, ती मी कधी सांगून मिळवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी तो सगळा कार्यक्रम पडद्यावर आणून ओळीनं वहीत उतरवून घेतला. कॅसेटचा आवाज फोनमध्येही साठवला. आता तो एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी आहे.

आजोबांचा दुभाष्या नातू

डीव्हीआरची युक्ती आमच्या गरजेची होती. पण रंगीत चित्र हवं असेल तर? कॉम्प्युटरच्या सहा छिद्रांच्या भोकातून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून येतात. प्रत्येक तार एक तर चालू नाहीतर बंद. दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण आठ रंग. या यंत्राच्या चाहत्यांनी रास्पबेरी पाय झिरो नावाचा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा कॉम्प्युटर घेऊन त्याला हे आठ रंग ऐकायला शिकवलं आहे. तो ऐकतो आणि एचडीएमआयमधून स्वच्छ, ठसठशीत चित्र देतो.

यात एक गंमत दडली आहे. एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बीबीसी मायक्रोनंतर एक नवा प्रोसेसर रचला. २६ एप्रिल १९८५ रोजी तो पहिल्यांदा चालला आणि तोही एका बीबीसी मायक्रोला जोडूनच! त्याचं नाव एआरएम, म्हणजे 'आर्म'. आज तुमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. रास्पबेरी पायमध्येही तोच. २०१२ साली आलेला पहिला रास्पबेरी पायही केंब्रिजचाच, आणि त्याच्या 'मॉडेल ए' व 'मॉडेल बी' या नावांमागं बीबीसी मायक्रोचीच आठवण आहे.

म्हणजे आजोबांचं बोलणं नव्या पडद्याला समजावून सांगणारा दुभाष्या, त्यांचा नातूच निघाला की!

करून पाहा

चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा चौकोन आखा. वर डावीकडून आकडे लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता आत एखादं अक्षर काढा, चौकटी भरा, आणि प्रत्येक आडव्या ओळीत भरलेल्या चौकटींच्या वरच्या आकड्यांची बेरीज करा.

उदाहरणार्थ, आपलं शून्य: ०, ६०, ६६, ६६, ६६, ६६, ६०, ०. काढून पाहा, जमतं का. अक्षराची पूर्ण शिरोरेघ म्हणजे आठही चौकटी भरलेल्या, म्हणजे २५५.

आता तुमच्यासाठी कोडं. २५५, ३४, ३४, ३४, ६२, २, २, २. हे कोणतं अक्षर? उत्तर पुढच्या अंकात. पण त्याआधी आपल्या नावाचं पहिलं अक्षर असं आकड्यांत लिहून मित्राला द्या आणि त्याला ओळखायला सांगा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

तुमच्या माळ्यावर टीव्हीला लावायचा जुना गेम किंवा कॉम्प्युटर असेल तर फेकण्याआधी मुलांना दाखवा. आधी जाणत्याकडून वीजपुरवठा तपासून घ्या. मग टीव्हीच्या पाठीमागं पाहा. 'एव्ही' लिहिलेलं हेडफोनसारखं एक बारीक भोक बऱ्याच टीव्हींना असतं. त्याची तीन रंगांची जोडवायर टीव्हीच्या खोक्यात मिळते किंवा दुकानात वेगळी घेता येते. मात्र ती आपल्याच टीव्हीची हवी, कारण आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. तेही नसेल तर दुभाष्याची छोटी डबी आहेच. आणि कॅसेटवर, जुन्या टेपवर घरच्यांचे आवाज असतील तर ते यंत्र चालतंय तोवर उतरवून घ्या.

आता शेवटचं. मामा परत निघाले तेव्हा खोकं घेतलंच नाही. "शाळेला भेट," म्हणाले. मुख्याध्यापकांनी जडवस्तूंची नोंदवही काढली आणि नवा अनुक्रमांक टाकून लिहिलं, "बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर, नग १, चालू स्थितीत." एका नोंदवहीतून नाव कमी झालेला कॉम्प्युटर दुसऱ्या नोंदवहीत आला. मामांनी ती ओळ दोनदा वाचली आणि शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "पोरी, ह्याचा एक फोटो काढ. तुझ्या मामीला दाखवायचाय."

तुमच्या माळ्यावर काय सापडलं, ते मला जरूर लिहून कळवा.

तुमच्या,
बिडकीनच्या बाई